मॅडम, मले टोचा!

"चुना! आधी चुना आणा कोणीतरी!" मी ओरडत होते. आश्रमशाळेच्या अंगणातल्या मोहाखाली सहावीतल्या रिनाला मधमाशी चावली होती, आणि आमच्याकडे माशीवर औषध एकच... मुख्याध्यापकांच्या डबीतला चुना.

"चुना राहू द्या मॅडम! पोरीचे ओठ सुजून राह्यले, दिसत नाई काय?"

फाटकातून धावत आलेला हा माणूस कोण, हे विचारायलाही सवड नव्हती. त्यानं रिनाला आडवं केलं, पाय उंच धरायला लावले आणि मांडीत ॲलर्जीवरची सुई दिली. तिचा घुसमटलेला श्वास हळूहळू मोकळा झाला, तिला गाडीतून दवाखान्यात नेलं... तेव्हा कुठे मी रडले.

तो संघपाल. आमच्या उपकेंद्रातला नवा आरोग्य अधिकारी.

मग तो दर बाजाराच्या दिवशी आम्हा शिक्षकांना सुई द्यायला शिकवू लागला. वांग्यावर टोचून टोचून माझा हात बसला — फक्त वांगं धरताना त्याची बोटं लागली, की कापायचा.

"वांग्याले भेता काय, मॅडम?"

"वांग्याले नाई—" म्हणाले आणि जीभ चावली.

एका बाजाराच्या दिवशी संघपाल शिकवत असतानाच रिनाची आई, शकुबाई, पोरीची पेटी न्यायलाच आली. "इथी माशा बहूत. हा साहेब गावोगाव फिरते. मंग पुन्हा चावली त सुई देणार कोण?"

"मी देते ना, बाई."

"वांग्याले टोचणं अलग, माणसाले अलग."

रिना दाराआड मुसमुसत होती. तिची शाळा सहावीतच सुटणार होती. तेवढ्यात संघपाल खुर्चीत बसला. नव्या सुईत नुसतं सलाईनचं पाणी भरून त्यानं ती माझ्या हातात दिली.

"मॅडम, मले टोचा. पँटवरूनच. खऱ्या टायमाले कपडे काढत बसाचं नाई."

मी टोचली. सरळ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. हात जरासुद्धा हलला नाही. डोळे मात्र वाहायला लागले.

शकुबाईनं पेटी खाली ठेवली. "राहू द्या पोरीले इथीच." जाता जाता वळली आणि हसली. "सुई त्याले, न पाणी तुमच्या डोळ्यात? काऊन जी?"

ती गेली.

"उत्तर नाई दिलं तुमी बाईले," संघपाल मांडी चोळत म्हणाला.

"तुमाले माहीत हाये."

"माहीत हाये... पण ऐकाचं हाये."

"आवडता तुमी मले. झालं?"

तो उठायला गेला, लंगडला आणि खुशाल माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लय दुखून राह्यलं काय?" मी घाबरून विचारलं.

"नाई जी. मायले सांगाचं हाये... सुनेचा हात पक्का हाये म्हणून."