आभाराचं पान

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो झोपलेला होता.

मी जेवून परत आले तर दुकानातल्या बाकावर एक माणूस. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, गळ्यात स्टेथोस्कोप, मुठीत पेन ड्राइव्ह. बाहेर दिवाळीनंतरचा अवेळी पाऊस सदाशिव पेठेतल्या पत्र्यांवर ताडताड वाजत होता आणि ह्याच्या बुटांतलं पाणी निथळत माझ्या खुर्चीपर्यंत आलं होतं.

"गिऱ्हाईक आहे की पेशंट?" मी दिगंबरकाकांना विचारलं. दुकान त्यांचं. शिकाऊ डॉक्टरांचे थिसिस आम्ही टाइप करतो, काळ्या रेक्झिनमध्ये बांधतो, वर सोनेरी अक्षरं छापतो. टायपिंग माझ्याकडे, टोमणे त्यांच्याकडे.

"तासभर झाला," काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "भाडं लावावं का, ह्या विचारात आहे."

मी टेबलावर पंचिंग मशीन आपटलं. तो ताडकन उठला. "सॅच्युरेशन किती?"

"भरपूर," मी म्हणाले. "पेन ड्राइव्ह द्या."

तो हसला. झोपेतून पुरतं बाहेर न आलेलं हसू… आणि मला उगाच वाटलं, अजून दहा मिनिटं झोपू द्यायला हवं होतं बिचाऱ्याला. असलं काही मला एरवी वाटत नाही. डॉक्टर ह्या जातीवर माझा राग आहे. का, ते पुढे येईलच.

नाव श्रीनिवास. लहान मुलांचा डॉक्टर होण्याचं शेवटचं वर्ष. छत्तीस तासांची ड्यूटी संपवून आलेला. फाइल ठेवून गेला आणि मी वाचायला घेतली.

हो, वाचते मी. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं, पण गेली सात वर्षं मी ह्या लोकांचे थिसिस टाइप करतेय. माझं सगळं इंग्रजी तिथलं. 'आय लव्ह यू' म्हणताना जीभ अडखळेल, पण 'नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस'चं स्पेलिंग मला झोपेतून उठवून विचारा.

दोन दिवसांनी तो आला.

"डॉक्टर, पान चारवर तुमच्या मिसेसचं नाव घालायचं राहिलंय," मी म्हणाले.

"कोणाच्या?"

"तुमच्या. 'माझी पत्नी आणि माझी चिमुकली परी, जिनं बाबांची वाट पाहिली…' छान लिहिलंय. नाव तेवढं सांगा."

गेल्या तीन वर्षांत आपलं लग्न होऊन गेलं आणि आपल्याला ड्यूटीमुळे कळलंच नाही, असं तर नाही ना — खरंच तसा चेहरा झाला त्याचा.

"मला मुलगी आहे?"

"कागदोपत्री आहे."

मग उलगडलं. आभाराचं पान सगळेच सीनियरच्या फाइलमधून उचलतात. गाइडचं नाव बदलायचं, आईवडिलांची नावं बदलायची, झालं. ह्यानं आईवडील बदलले आणि बायको-मुलगी तशीच ठेवली.

"काढून टाका मॅडम," तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे… असती तर ठेवली असती."

"दोन्ही काढू की मुलगी ठेवू?"

काका मागून खोकले. तो हसत सुटला, मीही. आणि पत्नी डिलीट करताना माझं बोट त्या बटणावर जरा जास्तच उत्साहानं पडलं, हे मी कबूल करते.

मग तो येतच राहिला. गाइडनं समास मोठा करायला सांगितला, आला. संदर्भांचा क्रम चुकला, आला. प्रत्येक वेळी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून दोन चहा घेऊन. त्याची स्कूटर जुनी होती, बंद होताना तीनदा ठसकायची. तो ठसका गल्लीच्या तोंडाशी आला की माझ्या टायपिंगच्या चुका वाढायच्या.

"शालूबाई," काका म्हणायचे, "स्पेलचेक बंद पडलंय का तुमचं?"

त्याचा विषय साधा होता. वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली तर किती भराभर वाढतात. शेवटी शंभर बाळांचा तक्ता. जन्माचं वजन, घरी जातानाचं वजन. तो तक्ता टाइप करताना एके दुपारी मी फणकारले, "हे काय? सत्तेचाळीस नंबर. घरी जाताना वजन शून्य? शून्य ग्रॅमचं बाळ घरी पाठवलं तुम्ही?"

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"घरी गेलं नाही ते."

पंख्याचा आवाज मोठा झाला. माझे कान तापले. मला जोड्यानं मारायला हवं होतं.

"नऊ दिवस होतं," तो म्हणाला. "आठशे नव्वद ग्रॅम. आई खूप लहान होती, एकोणीसची. नऊ दिवस तिनं त्याला छातीवरून खाली ठेवलं नाही…"

मी म्हणाले, "शून्य लिहू नका. सगळी सरासरी खाली येतेय त्यानं. आणि… त्याचं वजन शून्य नव्हतं."

त्यानं वर पाहिलं. असं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे चेहरा पाहतात लोक, स्थळं बघायला येतात तेव्हा. हा माझ्या आत चालणारं काहीतरी बघत होता.

"स्टॅटिस्टिक्स कुठे शिकलात तुम्ही?"

"ह्याच खुर्चीत."

"शालू…" पहिल्यांदाच नाव घेतलं. "तुम्ही इथे काय करताय?"

मग मी सांगितलं. सौम्य करून सांगणं मला जमत नाही.

आमची विश्रांतवाडीला अठरा गुंठे जमीन होती. शेवटची. माझा थोरला भाऊ जयसिंग आणि मी, दोन वर्षांचं अंतर. मला बारावीला त्याच्यापेक्षा अकरा टक्के जास्त. पण आमचे वडील, आबा, म्हणाले, एका घरात एकच डॉक्टर परवडतो. जमीन जयसिंगच्या सीटपायी आधीच गेली होती, मला दिगंबरकाकांचा कीबोर्ड मिळाला. आता त्या जमिनीवर अकरा मजले उभे आहेत आणि मी रोज बसच्या खिडकीतून ते मोजते. जयसिंग नाशिकला असतो. दिवाळीला मिठाईचा बॉक्स येतो, सोबत त्याच्या हॉस्पिटलचं कॅलेंडर.

"त्याचा थिसिस मीच टाइप केला," मी म्हणाले. "आभाराच्या पानावर आहे मी. 'माझी बहीण, जिच्या त्यागाशिवाय हे शक्य नव्हतं.' स्पेलिंगसकट माझ्याच बोटांनी."

तो 'सॉरी' म्हणाला नाही. बरं केलं.

"आता तुम्ही सांगा," मी म्हणाले. "परवडतं का हे? खरं सांगा."

"खरं? बारावीनंतरची अकरा वर्षं गेली. माझ्या वर्गातल्या संपतचा बिबवेवाडीत फ्लॅट आहे, पोरगं शाळेत जातं. मी एकोणतिसाव्या वर्षी परीक्षेला बसतोय. बहिणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मी एका पोराला नळी घालत होतो. रोज सकाळी वाटतं, नाही परवडत. मग एखादं बाळ वीस ग्रॅमनं वाढतं… आणि तो दिवस निघतो."

"वीस ग्रॅम म्हणजे किती हो?"

"ह्या चहातली साखर."

मी ग्लासाकडे बघितलं. ह्या माणसाचा राग करायचं मी ठरवलं होतं, आणि आता ते कसं जमवायचं ते कळेना.

घरी आईला ओझरतं बोलले. सरुबाई कसली ऐकते! "डाक्टर हाय म्हनं? एक डाक्टर केला ह्या घरानं, तेवढा पुरे झाला." आणि भाकरी थापत राहिली. पण मग हळूच, "जेवतो का येळेवर?"

छपाईच्या आदल्या दिवशी त्यानं शेवटची फाइल दिली. चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा आनंद. "आभाराचं पान बदललंय. मी गेल्यावर वाच हं…" 'वाच' म्हणाला, 'वाचा' नाही.

पायरी उतरता उतरता सांगितलं, परीक्षेनंतर तो नवजात बाळांच्या उपचारांच्या पुढच्या कोर्सला बसणार. मिळालं तर चंदिगड. अजून तीन वर्षं.

मी पान उघडलं. शेवटी एक नवी ओळ. 'आणि शालूचे आभार, जिनं तिचा वेळ दिला, आणि जिचा त्याग व पुढची प्रतीक्षा…'

पुढे वाचलंच नाही. तशीच चप्पल न घालता गल्लीत धावले. तो स्कूटरला किक मारत होता.

"हा शब्द कुणाच्या फाइलमधून उचललास?"

"कुठला?"

"त्याग! मला विचारलंस? थांबशील का म्हणून विचारलंस एकदा तरी? सरळ छापूनच टाकलंस? तुम्हाला सगळ्यांना शिकायचं असतं आणि आम्हाला आभाराच्या पानावर पुरायचं असतं!"

"शालू, मला तसं—"

"तुझी वर्षं तुझी आहेत, कर काय करायचं ते. माझी तू परस्पर खर्चाला टाकू नकोस. एकदा दिलीत मी. मिठाईचा बॉक्स आला."

दुधवाला थांबून बघत होता. बघू दे. आणि मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाले होते, तेही असं… भर गल्लीत, अनवाणी, रडत.

परत येऊन मी ती ओळ पुसली. पानाच्या तळाशी पांढरी जागा राहिली. चार प्रती बांधल्या, सोनेरी अक्षरं छापली. त्या घ्यायला तो आला तेव्हा मी मुद्दाम बँकेत गेले होते. काका म्हणाले, "त्यानं ते पान उघडून बघितलं. खूप वेळ. मग म्हणाला, बरोबर आहे."

झालं. नंतर नाहीच आला.

मी थांबले नाही बरं का. थांबण्यातली मी नाही. फक्त स्कूटर ठसकली की मान आपोआप वर व्हायची… दरवेळी दुसऱ्याच कुणाचीतरी. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा वाटलं, त्याच्याकडे तो एकच पातळ स्वेटर आहे. चहा एकच सांगायची सवय लागायला फेब्रुवारी उजाडला. मे महिन्यात त्याची परीक्षा. सकाळी आठच्या बसमध्ये मी उगाच डोळे मिटून बसले होते, आणि अकरा मजले मोजायचे राहून गेले.

त्या दिवशी दुकानात पोहोचले आणि काकांना म्हणाले, "जूनपासून मला सकाळची सुट्टी लागेल."

"लग्न?"

"कॉलेज."

काकांनी चष्मा पुसला. "बरं झालं. टायपिंगमध्ये तशाही फार चुका होतात तुमच्या."

जुलैत, एका उघडिपीच्या दुपारी, ठसका आला. एक, दोन, तीन. मी मान वर केली नाही. ह्या वेळी नाहीच केली.

दोन ग्लास टेबलावर आले.

"पास झालो," तो म्हणाला. बारीक झाला होता. "चंदिगड मिळालं. परवा निघतोय."

"अभिनंदन."

"विचारायला आलोय. छापायला नाही." "मला तू आवडतेस. रोज आवडत होतीस, अभ्यासात, ड्यूटीत, सगळीकडे. तीन वर्षं माझ्याकडे द्यायला काहीच नाहीये, म्हणून थांब म्हणायला लाज वाटते. आणि थांबू नकोस म्हणायला… जमत नाही."

काका उठले, "मी जरा गम आणतो," म्हणाले आणि गमाची भरलेली बाटली घेऊनच बाहेर गेले.

मी खणातून एक कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. स्टॅम्प पेपर होता. मधली वर्षं वाया गेली की कॉलेजात असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, शिक्षणात खंड का पडला त्याचं. सगळे 'घरगुती अडचण' लिहितात. नोटरीनंही तेच टाइप केलं होतं. मी खोडायला लावलं. तो म्हणाला, अहो बाई, असं कुणी लिहितं का? म्हटलं, मी लिहिते.

श्रीनिवासनं मोठ्यानं वाचलं. "आठ वर्षे खंड पडण्याचे कारण… भावाचे वैद्यकीय शिक्षण."

मग म्हणाला, "आमच्या प्रत्येक थिसिसला हा कागद जोडायला हवा."

"बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स," मी म्हणाले. "सकाळचं कॉलेज, वर्गातली पोरं मला मॅडम म्हणतात. तीन वर्षं."

"तीन," तो म्हणाला.

"तीन. म्हणून मी थांबणार नाहीये. मला वेळच नाही. तू तिकडे शिक, मी इकडे शिकते. त्यातून उरलो एकमेकांना, तर उरलो."

"उरू," तो इतक्या घाईनं म्हणाला की मला हसू फुटलं. त्यानं हात पुढे केला, टेबलावर, कीबोर्डच्या अलीकडे. बोटं स्पिरिटनं कोरडी पडलेली. मी त्यावर माझा हात ठेवला. हे सगळं मी किती महिने मनात टाइप करून पुसलं होतं…

"शेवटच्या वर्षाला मला प्रोजेक्ट असतो," मी म्हणाले. "तो टाइप करायला तू यायचं."

"मला दोन बोटांनी येतं."

"शिकशील. माझं अक्षर लागायला हवं तुला, समास नीट ठेवायचा, आणि बाकावर झोपायचं नाही."

"आणि आभाराचं पान?" त्यानं विचारलं. अगदी हळू.

बाहेर स्कूटरच्या सीटवर एक कावळा येऊन बसला होता. चहा गार झाला होता, आणि साखर तळाशी तशीच होती.

"ते पान मी स्वतः टाइप करीन," मी म्हणाले. "तोवर वजन वाढव जरा. वीस ग्रॅम तरी."