तिसरी हाक

पहिल्या हाकेला भाविकानं मान वळवली नाही. दुसरीलाही नाही.

डोंबिवलीच्या रेतीबंदरावर ती वडिलांच्या पालथ्या घातलेल्या होडीवर बसली होती. दिवस कलला होता, खाडीला ओहोटी लागली होती आणि तिवरांच्या मुळांतून चिखल बुडबुडत होता... खाली बसून कुणीतरी घोट घोट पाणी पीत असल्यासारखा.

"अहो भाविका मॅडम! तिसऱ्यांदा बोंबलतोय आता!"

मग ती वळली. "बोला."

समोर एक उंचापुरा माणूस उभा होता. कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस आणि हातात तिचं ओळखपत्र.

"हे रस्त्यात पडलेलं. नाव वाचून हाका मारतोय कधीचा. ऐकायला कमी येतं का तुम्हाला?"

"मी लोकांचे कान तपासते. ठाण्याला, नौपाड्यात."

"वा! म्हणजे दिव्याखाली अंधार."

"अंधार पडतोय म्हणूनच." भाविकानं ओळखपत्र घेतलं. "तिन्हीसांजेला पाण्याकाठी आम्ही तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. पहिल्या दोन कुणीही मारतं. तिसरी फक्त जिवंत माणूस मारतो."

तो खो खो हसला. तो थांबल्यावर खाडीपलीकडून तस्संच कुणीतरी हसलं. जरा उशिरा... आणि जरा जास्त वेळ.

"प्रतिध्वनी," तो म्हणाला. पण आवाज उतरला होता.

"असेल की," भाविका म्हणाली आणि पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. घाबरलेला माणूस इतका देखणा दिसू शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव प्रीतम. चार दिवसांनी तो कल्याणजवळच्या मोहन्याहून आपल्या वडिलांना, पोपटरावांना, घेऊन थेट तिच्या दवाखान्यात आला. कारखान्यातल्या यंत्रांनी म्हाताऱ्याचे कान खाल्ले होते, हे खरं. पण कल्याणात कान तपासणारे नव्हते, असंही नाही!

भाविकानं पोपटरावांना काचेच्या आवाजबंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आत आवाज ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं, मग बाहेर तिच्या टेबलावर दिवा लागायचा. दिवा लागला. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा भाविकानं कुठलाच आवाज सोडला नव्हता.

"हे कसं काय?" प्रीतमनं विचारलं.

"होतं असं. आतुर कान नसलेलं ऐकतात. रोज बघते मी." ती कागदावर खुणा करत राहिली. "तुम्ही काय करता?"

"नवीन विमान पहिल्यांदा उडवून बघतो. टेस्ट पायलट. पूर्ण वेळ बडबडत असतो वर. काटा हलला, पंख थरथरला, माझ्या पोटात गोळा आला... सगळं बोलून रेकॉर्ड करायचं."

"ते कशाला?"

"विमान परत नाही आलं तरी आवाज परत यावा म्हणून."

तो हे इतक्या सहज म्हणाला की भाविकाची पेन्सिल कागदावरच थबकली.

पुढे तो बेंगळुरूहून सुट्टीला आला, की पोपटरावांच्या कानातल्या नव्या यंत्रात काही ना काही बिघडू लागलं. मग तिला ठाण्याहून घरी सोडायचं निमित्त निघे. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये लोक हॉर्नवर हात ठेवून एकमेकांचा उद्धार करतात. ही दोघं तिथं प्रेमात पडली. गाडी जितकी हलत नसे, तितकं बरं!

"तुम्ही वर सगळं बोलता ना?" ती एकदा म्हणाली. "मग खाली का नाही बोलत?"

"खाली... खाली काटे कुठायत बघायला?"

"पोटातला गोळा तरी सांगा."

"तो आहे," प्रीतम म्हणाला. समोरचा ट्रक कधीच पुढे गेला होता, मागचे कोकलत होते. आणि हा वेडा तिच्याकडे बघत बसला होता.

त्याच शीळफाट्यावर एका संध्याकाळी त्यानं सांगितलं, की अंतराळ मोहिमेसाठी त्याची निवड झाली आहे. चार दिवस पृथ्वीभोवती. मग यान समुद्रात उतरणार.

"पाण्यात?" भाविकानं विचारलं. एवढंच.

पाण्यावर गेलेल्या माणसाची वाट बघायची नाही, असं तिनं सोळाव्या वर्षीच ठरवलं होतं. तिचे वडील, नाथा, होडी घेऊन खाडीत गेले ते आलेच नाहीत. होडी आली, रिकामी. त्या संध्याकाळी तिच्या आईनं, सगुणानं, तिवरांतून आपल्या नावाच्या हाका ऐकल्या होत्या. दोन. आई तिसरीची वाट बघत उभी राहिली. ती आलीच नाही. "दोनच आल्यान, म्हंजे तो नव्हताच," सगुणा सगळ्यांना सांगायची. चौदा वर्षं तेच सांगत होती, कुणी विचारलं नाही तरी.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रीतम बंदरावर आला. तिन्हीसांजच होती. पाणी काळं पडत होतं आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"भाविका, माझ्याशी लग्न करशील?"

तिच्या ओठांवर हो होतं, पण लहानपणापासूनची सवय जीभ धरून बसली होती.

"भाविका... करशील ना?"

ती तिसऱ्या हाकेसाठी श्वास रोखून उभी राहिली. आणि त्या शहाण्यानं काय करावं? तो डोळे मिचकावून हसला.

"तिसरी राखून ठेवतो. आल्यावर! परत यायला काहीतरी निमित्त नको का?"

भाविकाच्या पायांखालची वाळू सरकली. आत्ता मार रे, आत्ताच मार, असं तिला किंचाळावंसं वाटलं. पण निघालेल्या माणसापुढे अभद्र बोलायचं नसतं, हेही ती त्याच खाडीकाठी शिकली होती. तो गेला. दोन हाका तिथंच पाण्यावर राहिल्या.

यान उतरायचं होतं त्या संध्याकाळी सगुणानं कंदील पेटवला. पाण्यातून येणाऱ्याला पाण्यावरच घ्यायला जायचं असतं, असं तिचं म्हणणं. समुद्र कुठं, रेतीबंदर कुठं... पण मायलेकी पालथ्या होडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाविकाच्या हातात मोबाइल होता, त्यावर थेट प्रक्षेपण. निवेदक समजावत होता, की हवेत शिरताना यानाभोवती आग पेटते, त्या आगीतून कुठलाच संदेश आरपार जात नाही. सहा मिनिटं यान मुकं होईल. काळजीचं कारण नाही.

सहा मिनिटं झाली. सात झाली. निवेदकाचे शब्द आखडू लागले.

आणि तिवरांतून हाक आली.

"भाविका..."

अगदी त्याचा आवाज. जवळचाही नाही, लांबचाही नाही. बुडबुडणारा चिखल गप्प झाला होता. आतुर कान नसलेलं ऐकतात, तिनं स्वतःला बजावलं. रोज बघतेस ना तू?

"भाविका..."

या वेळी आवाजाला धाप लागली होती. तिनं मोबाइल घट्ट धरला. आठ मिनिटं. तिसरी येईना.

सगुणा तिच्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण तो चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"किती झाल्यान?" तिनं हळूच विचारलं.

"दोन."

सगुणानं लेकीचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मग तिचा हात सुटला.

"मी थांबले होते गो बाय," ती म्हणाली. "तिसरीला थांबले. त्याच्यात दमच नसंल उरला तं? चवदा वरसं हाच इचार करतंय. तू नको थांबू. दे ओ."

"आई, पण..."

"जे व्हायचा ते होव दे. दे ओ!"

आणि भाविकानं दिली. "ओ!" छाती फुटेस्तोवर, काळ्या पाण्यावर, "ओ...! प्रीतम, ओ!"

तिचा आवाज विरला. तेव्हा शेजारी सगुणा कंदील वर धरून तिवरांकडे वळली आणि अगदी हळू, घरात नवऱ्याला द्यावी तशी, तिनंही ओ दिली. एकदाच.

पलीकडून काहीच आलं नाही. मग मोबाइलवर एकदम कल्ला झाला. राखाडी आभाळात यानाची हवाई छत्री उघडली होती.

तपासण्या, सत्कार, फोटो यात तीन आठवडे गेले. मग एका दुपारी प्रीतम नौपाड्याच्या दवाखान्यात आला. वाळलेला, जरा सावकाश चालणारा. तिला बघून त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"आज तू आत बस," तो म्हणाला. "मी बाहेर. परवानगी काढून आणलंय हे, यानातलं रेकॉर्डिंग."

भाविका काचेच्या खोलीत बसली. हातात बटण, कानावर हेडफोन. त्यानं रेकॉर्डिंग लावलं. घरघर, खरखर, त्यातून त्याचा जड आवाज. सवयीनं चाललेली बडबड. मोठी छत्री अडकली. राखीव छत्रीचं बटण हातानं दाबायचंय. हात उचलत नाहीये. डोळ्यांपुढं अंधार. मग, "भाविका..." बराच वेळ नुसता श्वास. "भाविका..." त्यानंतर श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि त्या खरखरीच्या तळाशी, केसाएवढं बारीक... तिनं बटण दाबलं. बाहेर दिवा लागला.

लगेच पुन्हा दाबलं. दुसरा आवाज त्याहून हळू होता, आणि तो तिचा नव्हता. तो तिनं जन्मभर घरात ऐकला होता.

रेकॉर्डिंगमध्ये प्रीतम दचकला. "कोण...? आलो, आलो." मग खट्ट असा आवाज, आणि राखीव छत्री उघडल्याचा धक्का.

खरखर थांबली. काचेपलीकडे प्रीतम पांढराफटक उभा होता.

"दोनदा दाबलंस," रुग्णांशी बोलायच्या माइकवरून तो म्हणाला. "मला वाटायचं भास झाला. मेंदूला रक्त कमी पडलं की होतात म्हणे. तू... तू खरंच दिलेलीस ओ? तिसरीच्या आधी?"

तिनं मान डोलावली. रडू आवरत नव्हतं आणि हसूही.

"दुसरी कोणाची?"

"आईची. पण ती तुमच्यासाठी नव्हती."

प्रीतम माइकजवळ वाकला. आवाजबंद खोलीत, थेट तिच्या दोन्ही कानांत, जिवंत माणसाची हाक आली.

"भाविका."

तिनं बटण दाबलं. दिवा लागला, आणि तो आत येऊन तिचा हात धरीपर्यंत तिनं बोट काढलंच नाही.

"ओ," ती म्हणाली.