दुकान एक ते चार बंद राहील

"आता चारनंतर या," असं म्हणून त्याने माझ्या तोंडावर शटर ओढलं, तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. नुसता राग आला होता.

सदाशिव पेठेतलं ते स्टेशनरीचं दुकान. श्रावणातली सर अंगावर घेत मी कर्वेनगरहून स्कूटर दामटत आले होते. संध्याकाळी कॉलेजात पोस्टर द्यायचं होतं आणि काळा रंग संपला होता.

"एक वाजायचाय अजून," मी म्हटलं.

"आमच्या घड्याळात वाजला."

"मग घड्याळ पुढे आहे तुमचं."

"म्हणूनच दुकान टिकलंय."

शटर खाली वीतभर उघडं राहिलं होतं आणि तिथून चक्क गोळीबाराचे आवाज येत होते. मी वाकून पाहिलं. कागदाच्या गठ्ठ्यांवर तीन मुलं बसली होती, कानांवर हेडफोन, हातात आडवे धरलेले मोबाईल. चौथा गठ्ठा रिकामा होता. तो बहुधा या उद्धट मालकाचा असावा.

"म्हणजे तुम्ही दुकान बंद करून गेम खेळता?"

"सराव करतो," तो आतून म्हणाला. "स्पर्धा आहे. बाबा वामकुक्षीला घरी जातात, तेवढाच वेळ मिळतो." मग शटरखालून एक हात बाहेर आला. हातात काळ्या रंगाची बाटली होती. "घ्या. आणि कुणाला सांगू नका, आमचा नियम मोडला म्हणून."

मी निमूट निघून जायला हवं होतं. पण दाराशी पुठ्ठा पडला होता, हातात रंग होता, आणि डोकं तापलं होतं. मी पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरात लिहिलं, 'ग्राहकांनी आत डोकावू नये. गोळीबार चालू आहे. – हुकुमावरून', आणि तो आत सरकवला. आतून चौघंही खो-खो हसले. शटर पुन्हा वर गेलं. ओल्या केसांनिशी, तोंड फुगवून उभी असलेली मी त्याला दिसले.

"हुकुमावरून? कोणाच्या?" त्याने विचारलं.

"माझ्या," मी म्हटलं. "स्पृहा."

"सौमित्र," तो म्हणाला. त्याचे डोळे हसायचे, तोंड नंतर. ते त्या दिवशीच माझ्या लक्षात आलं, आणि ते लक्षात यायला नको होतं.

त्यांचा सराव लोक इंटरनेटवर थेट बघत, आणि माझी पाटी त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या प्रक्षेपणात मागे लावली. बघणाऱ्यांना खेळापेक्षा पाटीच आवडली. मग मी रोज जाऊ लागले, निमित्त पाटीचं. त्यांच्या टीमचं नाव तेव्हा इंग्रजी होतं, शेवटी 'वॉरियर्स' असलेलं.

"असे वॉरियर्स गल्लोगल्ली आहेत," मी म्हटलं. "लोकांनी तुम्हालाच का लक्षात ठेवायचं?"

"आम्ही जिंकतो म्हणून."

"आणि हराल तेव्हा?"

त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "तू सांग."

तर मी सांगितलं. नाव 'एक ते चार'. चिन्ह, अर्धवट ओढलेलं शटर. सुरुवात रोज शटरच्या खडखडाटाने करायची, आणि चार वाजले की जिंकत असा वा हरत असा, 'दुकान उघडायचंय' म्हणून उठायचं. रोज नवी पाटी, खाली 'हुकुमावरून'. आणि यातलं काहीही, कुणीही मागितलं तरी बदलायचं नाही. 'हरल्यास सांत्वन करू नये, जिंकल्यास पार्टी मागू नये' ही पाटी तर लोकांनी टी-शर्टावर छापून घेतली. मोठमोठ्या टीम आल्या आणि विरल्या. आमची मुलं स्पर्धा हरून आली तरी दुसऱ्या दिवशी एकला बघणारे हजर असत.

पाट्या कोण लिहितं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. ऋतिका येईपर्यंत.

आमच्यातल्या एकाला हिंजवडीत नोकरी लागली आणि त्याच्या जागी नागपूरहून ऋतिका आली. नेम अचूक, केस लांब, हसणं मोकळं. आधीच्या टीममुळे तिचं नाव झालेलंच होतं. ती सौमित्रच्या शेजारच्या गठ्ठ्यावर बसली आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर प्रतिक्रियांचा पाऊस पडला – 'वहिनी आल्या', 'वहिनींना नमस्कार', 'दादा, वहिनींना सांभाळा'.

वहिनी! मी कॅमेऱ्यामागे उभी होते, हातात ब्रश.

खोटं कशाला सांगू, मी जळले. तिच्या हेडफोनची वायर गुंतली की तो सोडवायचा, त्यावर मी जळायचे. ती जिंकली की तो टाळी द्यायचा, त्यावर जळायचे. एकदा त्याने डब्यातली अर्धी साबुदाण्याची खिचडी तिला दिली. इतक्या दिवसांत मला त्याने साधा शेंगदाणा विचारला नव्हता. आणि वाईट म्हणजे ती पोरगी चांगली होती. ती मला "स्पृहा, तू बी घे न" म्हणायची, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

त्यात एका हेडफोनच्या कंपनीने प्रस्ताव धाडला. शटर नको, पाट्या नकोत. ब्रँड म्हणून 'जोडी' हवी, सौमित्र आणि ऋतिका. दोघांचे फोटो, दोघांचे टी-शर्ट, नावही नवं. आणि पोस्टर अर्थातच मी करायचं.

सौमित्रने मला दुकानाच्या पायरीवर गाठलं. पागोळ्या गळत होत्या. तो शटरच्या कुलपाशी उगाच चाळा करत होता.

"ब्रँडचं तुला कळतं," तो म्हणाला. "काय करू? हो म्हणू?"

माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण मला वाटलं, मी 'नको' म्हटलं तर हा विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर ब्रँडमध्ये नव्हतंच.

"चांगलंय," मी म्हटलं. "खपेल."

"बस? एवढंच?"

"अजून काय हवंय? शोभून दिसता दोघं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी डोळेही हसले नाहीत. "बरं," म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी पाटी लिहिली ती दात-ओठ खात. आत न थांबता ती गठ्ठ्यावर ठेवली आणि आईने सांगितलेली भाजी आणायला मंडईत गेले. गेले खरी, पण मोबाईल काही हातातून सुटेना. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात 'एक ते चार'.

शटर खडखडलं. सौमित्रने रोजच्याप्रमाणे पाटी कॅमेऱ्यासमोर धरली आणि वाचू लागला. "शेजारी बसणाऱ्या व्यक्तीकडे बघून हसू नये. खेळाकडे लक्ष द्यावे..."

तो थांबला. पाटी उलटून पाहिली. पुन्हा सुलटी केली. पडद्यावर प्रश्न येऊ लागले – 'हुकुमावरून कुठंय?'

मेथी माझ्या हातातून पडायची बाकी राहिली. रागाच्या भरात मी 'हुकुमावरून' लिहायलाच विसरले होते. आजवरची प्रत्येक पाटी टीमची होती, बघणाऱ्यांसाठी होती. ही एकच माझी होती, आणि ती कोणासाठी होती हे एखाद्या ठोंब्यालाही कळलं असतं. सौमित्र ठोंब्या नव्हता. त्या डावात तो सगळ्यांच्या आधी मेला. दुसऱ्यातही.

चार वाजून गेले तरी मी मंडईतच होते, तेव्हा फोन वाजला. ऋतिका.

"काहून गं, अशी पाटी लिहिली?"

"चुकून..." मी म्हटलं. "ऋतिका, मला तुझ्याबद्दल वाईट काही..."

"ऐक न. मी आजवर दोन टीमांची वहिनी होऊन आली. हंगाम संपला की जोडी संपली, आणि जोडीसंगं टीम बी. लोक म्हणते मोठा ब्रँड, आता नाव बी आठवत नाही कोणाले. तुमचं शटर पाहून मी पुण्यात आली बाप्पा, जोडी बनायले नाही."

"आणि कंपनी?"

"त्याने परवाच नाही म्हणून कळवलं."

"परवा? पण मला तर त्याने काल विचारलं."

"हो न," ती म्हणाली. "मग तुले कंपनीसाठी विचारलं का त्याने? आता हे बी मीच सांगू?"

तिने फोन ठेवला. मेथी समजून मी इतका वेळ शेपू धरून होते, हे मला घरी गेल्यावर आईकडून कळलं.

आज मी एकच्या आधी पोचणार नाही असं ठरवलं होतं. पोचले. शटर नेहमीसारखं वीतभर उघडं होतं आणि त्यावर पुठ्ठा टांगला होता. अक्षर असं, की कोंबडीने पाय शाईत बुडवून फेरी मारावी.

'दुकान एक ते चार बंद राहील. पाटी लिहिणारीने वाकून आत यावे. शेजारची जागा तिचीच आहे. – विनंतीवरून'

मी वाकून आत गेले. ऋतिका पलीकडच्या गठ्ठ्यावर बसली होती, छताकडे बघत, फार गंभीर चेहऱ्याने. सौमित्र उभाच होता.

"अक्षर भयंकर आहे," मी म्हटलं.

"माहितीये. चार पुठ्ठे वाया गेले."

"ही... कॅमेऱ्यासमोर लावणार आहेस?"

"नाही," तो म्हणाला. "ही टीमची नाही. ही फक्त... तू आवडतेस मला, स्पृहा. पहिल्या पुठ्ठ्यापासून. तू 'खपेल' म्हणालीस ना, तेव्हा मला जेवण गेलं नाही."

"मला तर खिचडी बघूनच जेवण जात नव्हतं," मी म्हटलं, आणि मग सांगूनच टाकलं. "मलाही तू आवडतोस. फार. पण त्याचा टी-शर्ट निघणार नाही."

"नाही निघणार," तो म्हणाला. आधी त्याचे डोळे हसले, मग तोंड. त्याने डबा उघडून माझ्यापुढे धरला. आख्खा.

बाहेर सर येऊन गेली होती. कॅमेरा सुरू झाला, शटर खडखडलं आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न आला – 'आज वहिनी लांब का बसल्यात?'

मी ब्रश उचलला. सौमित्रने माझी ओली पाटी कॅमेऱ्यासमोर धरून वाचली. "वहिनींची चौकशी करू नये. हुकुमावरून."

'कोणाच्या हुकुमावरून?' लोकांनी विचारलं.

तो कॅमेऱ्याबाहेर, शेजारच्या गठ्ठ्याकडे वळून हसला.

"खेळाकडे लक्ष दे," मी म्हटलं.