सातव्या सायलोतली ऊब

तुम्ही हसाल. हसा. पण त्या दुपारी दोर माझ्या हातात होता, म्हणून सांगतोय.

कोस्तानायच्या माळावर, रेल्वे फाट्याला लागून आमचं गव्हाचं कोठार आहे. सिमेंटचे उंच सायलो. प्रत्येकात वरपासून तळापर्यंत एक केबल सोडलेली, आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने तापमानाचे सेन्सर. गहू आतून तापला तर सडतो, कधी पेटतोही. ते आधीच कळावं म्हणून. त्या केबलींची देखभाल माझ्याकडे.

जानेवारी होता. बाहेर बर्फाचं वादळ.

खाली कंट्रोल रूममध्ये कामशात आपाय, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, बसल्या होत्या. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला.

"तोक्तार, सातव्यात बघ रे. सगळ्यात खालचा सेन्सर सदतीस दाखवतोय."

बाकीचा गहू चार अंशांवर होता.

"केबल लांब आहे, आपाय. जोड गंजला की आकडा फुगतो. गहू थंडच असणार."

"तुझी केबल तुझ्यासारखीच. थंडी पडली की कुरकुर सुरू."

मी सायलोच्या माथ्यावर गेलो. जोड घासला, स्क्रू आवळले.

"आता?"

"सदतीसच... पण हलतोय. जरा वर, जरा खाली."

धान्याचे पट्टे चालवणाऱ्या मोटारींच्या तारा शेजारून जातात, त्यांचाच त्रास असेल. मी सगळ्या मोटारी बंद करायला लावल्या.

शांतता पसरली.

"अजून हलतोय," आपाय म्हणाल्या. मग हळूच, "श्वास घेतल्यासारखा..."

शेवटी मी केबलचा प्लगच काढला. आता आकडे जायलाच हवेत.

"गेले सगळे..."

मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"...एक सोडून."

मी प्लग परत लावला.

"खरंच आग असेल तर अख्खं पीक जाईल," माझ्या मागोमाग वर आलेला ओरिनबासार म्हणाला. हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ; मला जेज्दे, म्हणजे भावजी, म्हणतो. आत उतरून गव्हात सळई खुपसून बघणं हे त्याचंच काम. त्याने माथ्यावरचं झाकण उघडलं, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "जेज्दे, दोर सुटला तर ताईला काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेव."

तो उतरला. गव्हावर उभा राहिला. खालून हाक आली, "इथे तर गारठलोय मी!"

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"तोक्तार... तळाचा थंड झाला. आता त्याच्या वरचा सदतीस."

"म्हणजे?"

"आता त्याच्याही वरचा... अरे, हे वर येतंय!"

मी ओरडलो. ओरिनबासारने मान वर केली.

"ओढ त्याला! पोरा, ओढ!" आपाय किंचाळल्या.

मी ओढला. दोर जडच्या जड. दोन माणसांचं ओझं असावं तसा. पाय झाकणाच्या चौकटीला रोवून, दात-ओठ खाऊन ओढत राहिलो. त्याचे हात काठावर दिसले आणि खाली भस्सकन आवाज झाला. तो उभा होता तिथला गहू खचला. आत पोकळी होती. थोडा उशीर झाला असता तर...

ओरिनबासार बाहेर पडून धापा टाकत होता. एका पायात बूट नव्हता.

"कोणीतरी पाय धरला होता, जेज्दे. हात उबदार होता."

"खाली ओढत होतं?"

त्याने उघडा पाय हातांनी झाकला.

"नाही. मला धरून वर चढत होतं."

वसंतात सायलो रिकामा केला. गहू आणि बूट, दुसरं काही निघालं नाही. केबल तपासली, सेन्सर उकळत्या पाण्यात आणि बर्फात घालून पाहिले. एकही चुकत नव्हता. आपायनी शेलपेक, आमच्याकडच्या पातळ पोळ्या, तळून मेलेल्यांच्या नावाने वाटले. ओरिनबासारने नोकरी सोडली.

मी अजून तिथेच आहे. पण वर एकटा जात नाही.

कारण आपायनी मला नंतर सांगितलं. शेवटी अगदी वरचा सेन्सर सदतीसवर गेला, झाकणाला लागून असलेला. मग तोही थंड झाला. त्यानंतर खालचा एकही तापला नाही.

म्हणजे ते परत खाली गेलंच नाही...