चौदापैकी बारा

"माझ्या यंत्राशी कुणीतरी खेळलंय," समरकंदच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टर होसियत खासगी गुप्तहेर मावजुदाला म्हणाल्या. "शोधा. नाहीतर ही पोर हातची जाईल."

खिडकीशी आठ वर्षांची ओइदिन घरघरत खोकत होती. डॉक्टरांच्या प्रश्नावलीत तिला चौदापैकी बारा गुण: जन्मतःच धाप, बारमाही नाक, वाहते कान, हृदय उजवीकडे. श्वासमार्गाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा दाट संशय. या आजारात नाकातला एक वायू जवळजवळ नसतोच. यंत्राने मात्र तो भरपूर दाखवला. उपचार थांबले, आणि फुफ्फुसं सडतच होती.

आई मोहिराने पोरीला तीनदा हाक मारली. शेवटी खांदा हलवला, तेव्हा ती वळली. 'हट्टी दिसतेय,' मावजुदाचा मदतनीस तोलिब मनात म्हणाला.

तंत्रज्ञ सानजार भडकला. "यंत्र ठणठणीत आहे! आधी माझंच नाक मोजलं होतं. पोर गुणी. मागून हळूच म्हटलं, श्वास रोख. लगेच रोखला."

"सोबत कोण होतं?" मावजुदाने विचारलं.

"आजी."

आजी सल्तनत फणकारली, "सून तंदूरपाशी होती. रविवारी थोरल्या नातीची सोयरीक रीतीप्रमाणे नानची रोटी मोडून पक्की व्हायचीय. रक्तात खोट आहे म्हटलं, तर कोण करील तिला?"

"घरात आणखी मुली?" मावजुदाने विचारलं.

"पुतणी सेविंच," मोहिरा पुटपुटली. "हिच्याच वयाची. दोघींना सासूबाई एकाच कापडाचं शिवतात."

"सानजारच खोटारडा!" तोलिब म्हणाला.

"तोच खरं बोलतोय, शहाण्या," मावजुदा म्हणाली. "कान वाहतात म्हणून ओइदिनला आईच्या तीन हाका ऐकू येत नाहीत, मग मागची कुजबुज कशी आली? यंत्रापुढे बसली ती सेविंच. तिथे कुणी छाती तपासत नाही, चेहरा ओळखत नाही. आणि नेणाऱ्या होत्या आजी."

आजीचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "खोट सुनेच्या रक्तातली!"

"हा आजार आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि मी तुमच्याच बहिणीची लेक," मोहिरा म्हणाली. सासूसमोर तिने प्रथमच मान वर केली होती. "पुन्हा मोजा, डॉक्टर. सोयरीक मोडली तर मोडली."

आकडा तळाला गेला.

आजी आकड्याकडे बघत म्हणाली, "माझा धाकटा मुलगा असाच खोकायचा. सातव्या वर्षी गेला. मी नजर लागली म्हणत राहिले. तो वाचला असता का?"

तोलिबला तिथे उभं राहवेना. ओइदिनला पालथं निजवून, पाठ थोपटून छातीतला कफ कसा सोडवायचा, ते डॉक्टरांनी आधी आजीच्याच हातांना शिकवलं.