डावं बटण

बबन फिटरच्या तोडीचा निडर माणूस सबंध अंबरनाथ एमआयडीसीत झाला नाही. हे खुद्द बबनच सांगायचा, आणि सांगताना पाठ भिंतीला टेकवून बसायचा. भूत दिसलं तर आपण त्याला चहा पाजू, म्हणायचा. संडासाकडे जायचं झालं की मात्र बिडी पाजायच्या निमित्तानं कुणाला तरी सोबत न्यायचा. सुपरवायझरच्या खुर्चीला ग्रीस फासायचं, डबेवाल्यांच्या डब्यांची झाकणं अदलाबदल करायची, ही त्याची मुख्य कामं. फिटरकाम उरलेल्या वेळात.

तर हा बबन एका शुक्रवारी दुपारी बुवापाड्यातून सायकलवर निघाला. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. एरवी जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं शुक्रवारी नाल्याचं पाणी ऐकू येतं. त्यात ते दिवस लोडशेडिंगचे. शेडच्या शेड काळोख पोटात घेऊन गप्प बसलेल्या. बबन उगाचच घंटी वाजवत चालला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

काम साधं होतं. शालन चालवायची त्या पॉवर प्रेसची दोन्ही बटणं बदलायची आणि पुढं नवा लाइट कर्टन, म्हणजे उजेडाचा पडदा, बसवायचा. शनिवारी माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे ऑडिटवाले येणार. त्यांना मशीन पसंत पडलं नाही तर ते सरळ भंगारात, असं सेफ्टी ऑफिसर उन्मेष साहेबांनी बजावलं होतं. उन्मेष साहेब म्हणजे मोठा जपणारा माणूस. जेवतानाही हेल्मेट काढत नसत. भाजीत छप्पर पडलं तर?

प्रेसचं कसं असतं, ते सांगायला हवं. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. तेव्हाच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे साच्यात एकही नाही. पण दोन हात गुंतले की माल कमी निघतो. म्हणून डावं बटण दाबून तिथं लाकडाची पाचर ठोकून ठेवायची चाल. शेठला ठाऊक, सुपरवायझरला ठाऊक. फक्त सरकारी इन्स्पेक्टरला ती कधी दिसली नाही, कारण तो यायच्या दिवशी पाचर कुणाच्या तरी खिशात असायची.

शालनचा नवरा आनंदा ह्याच प्रेसवर होता. पाचर लावलेली. पत्रा वाकडा बसला म्हणून त्यानं डावा हात आत घातला आणि उजवा सवयीनं बटणावर पडला. बबननंच त्याला रिक्षात घालून नेलं. सगळ्या वाटेनं बबन त्याला हसवायला बघत होता, आणि अर्ध्या वाटेत आनंदा गार झाला.

शालनला भरपाई मिळाली, नोकरीही मिळाली. तिनं मागून घेतलं ते नेमकं तेच मशीन. बाईचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. पण तिचा माल सगळ्यांपेक्षा जास्त निघायला लागला, तेव्हा शेठ म्हणाले, फिरलंय तर फिरू द्या.

उन्मेष साहेबांनी मात्र लांबून पाहिलं की बाई एकाच हातानं काम करते. उजवा बटणावर, डावा मांडीवर. त्यांनी पाचर शोधली. पाचर नव्हती. मग बटण बिघडलंय, असं ठरवून मोकळे झाले.

वॉचमननं जय भीम घालून दार उघडलं आणि परत झाडाखाली जाऊन आडवा झाला. बबन आत शिरला. वर पत्रे तापून कडकड करत होते. तेलाचा, गंजाचा, बंद शेडचा वास. प्रेसपाशी पोचला आणि पिशवी खाली टाकून ओरडला, "आई गं!"

स्टुलावर कुणीतरी बसलेलं होतं.

"मी आहे, भावजी," शालन म्हणाली. "भुताला चहा पाजणारे तुम्हीच ना?"

"चहाच आणायला परत चाललो होतो. वहिनी, सुट्टीच्या दिवशी इथं काय करताय? ओव्हरटाईम देणार नाही हां तुम्हाला कोणी."

ती हसली नाही. "पडदा काय लावायचा तो लावा. डावं बटण तेवढं काढू नका."

"का? सोन्याचं आहे?"

"इथं उभे राहा. बोलू नका."

तिनं उजवा तळवा उजव्या बटणावर ठेवला. शेडमध्ये लाईट नव्हती, मशीन थंडगार पडलेलं. कुत्र्याच्या छत्रीएवढं ते डावं हिरवं बटण हळूच खाली गेलं. टक्. आणि खालीच राहिलं.

तिनं हात उचलला. तेही वर आलं.

बबन मशीनखाली शिरला. जन्मभर लोकांच्या खुर्च्यांना दोरे बांधलेले, तेव्हा दोरा कुठून येतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? दोरा नव्हता. तार नव्हती. स्प्रिंग ठणठणीत होती. तो वर आला तेव्हा त्याला वास आला... ओल्या चुन्याचा, नुकत्याच मळलेल्या तंबाखूचा. आनंदा डाव्या तळव्यावर मळायचा.

"रोज येतो," शालन म्हणाली. "सुट्टीला पण येतो का, ते बघायला आले होते."

"कोण...?"

"हात. बाकीचा माणूस नाही येत, भावजी. घरी फोटोपुढं मेणबत्ती लावते, दार उघडं ठेवते. घरी कुणीच येत नाही. इथं येतो. मी उजवं दाबलं की तो डावं दाबतो. दिवसभर. एवढा वेळ तर तो जिवंतपणी कधी माझ्याजवळ बसला नाही."

बबननं पिशवीतला पान्हा काढला आणि परत आत टाकला.

"भरपाईच्या हापिसात साहेबानं समजावलं मला," ती म्हणाली. "माणूस राहिला आणि हात गेला, तर हाताचे टक्के असतात. माणूसच गेला की हात त्यातच धरतात. मी म्हटलं, कसा धरतात? मला माणूस दिला तेव्हा त्याच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. हात कुठंय, असं कुणी विचारलंच नाही. मी पण नाही."

पत्रे वाजत राहिले.

"वहिनी," बबन अखेर म्हणाला, "एखाद्या दिवशी तो चुकला तर? तुमचा हात आत असला आणि त्यानं दाबलं तर?"

"तो असं करेल?"

"तो करणार नाही. पण मला परत रिक्षा शोधायची नाही. बटण ठेवतो. साहेबाला सांगतो, नवीन टाकलं, वरून रंग मारतो. पण पडदा लावणार. कबूल?"

तिनं होकाराची मान हलवली.

पडदा म्हणजे काय, तर साच्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोन पट्ट्या. मधून न दिसणारा उजेड जातो. तो अडला की लाल दिवा, आणि लाल दिवा असेपर्यंत ठोकळा हलत नाही. मोकळं असलं की हिरवा. बबननं पट्ट्या बसवल्या, वायरी ओढल्या. मध्ये मध्ये आपला उगाच शिट्टी मारत होता. संध्याकाळकडे लाईट आली. ट्यूबा फडफडल्या. त्यानं मोटर चालू करून पाहिली आणि ठोकळ्याला खाली ओढणारं प्रेसचं मोठं चाक घुमायला लागलं.

दिवा लाल.

बबननं पट्ट्यांच्या काचा शर्टानं पुसल्या. लाल. वायरी तपासल्या. लाल. वाकून साच्यात पाहिलं. लखलखीत, रिकामा साचा. तरी लाल.

"काय झालं?" शालननं विचारलं.

"आत काहीतरी आहे, म्हणतंय."

तंबाखूचा वास आता साच्यातून येत होता.

"लाल असेपर्यंत ते खाली येत नाही ना, भावजी?"

"नाही येत."

"नक्की?"

"मी बसवलंय, वहिनी."

आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शालननं आपला डावा हात साच्यात घातला. मनगटापर्यंत. हळूहळू. अंधारात कुणाच्या अंगावर गोधडी ओढावी, तसा. तिची बोटं उघडली, थांबली, आणि कशावर तरी मिटली. बबनला दिसत होतं. मिटली ती पुरती नव्हती. मध्ये कुणाचा तरी हात मावेल एवढी जागा राहिली होती.

"कोमट आहे हो," ती म्हणाली. आवाज नव्या नवरीसारखा. "घट्टे तसेच आहेत. अंगठ्यापाशी चुना..."

बबननं तोंड भिंतीकडे फिरवलं. नवराबायकोच्या मध्ये उभं राहू नये, एवढं त्यालाही कळत होतं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो पान्हे मोजायचं नाटक करत होता. मागं शालन काहीतरी पुटपुटत होती. अमक्याचं लग्न झालं, नळाला पाणी येत नाही, छपराला पत्रा नवा टाकला. घरात संध्याकाळी बोलतात तसलंच.

मग पुटपुटणं थांबलं.

बबनच्या समोरच्या भिंतीवर लालसर उजेड पडला होता, तो बदलला. त्यानं वळून पाहिलं. दिवा हिरवा झाला होता. शालनचा हात तर अजून आत होता, मनगटापर्यंत, आणि पडद्याला तो दिसत नव्हता.

डावं बटण खाली गेलं. टक्.

बबन मेन स्विचकडे धावला. लोंबकळून त्यानं तो खाली ओढला. ट्यूबा विझल्या, मोटर गप्प झाली. पण मेन पाडला तरी चाक लगेच थांबत नाही. अंधारात ते घुमतच होतं, आणि त्याच्याखाली तो हिरवा दिवा, वीज नसताना, तसाच जळत होता. त्या उजेडात उजवं बटण दिसत होतं. त्यावर कुणाचा हात नव्हता... आणि तेही हळूहळू खाली बसायला लागलं होतं. आज एकटा हात आला नव्हता.

"वहिनी, सोडा! हात सोडा... बाहेर काढा!"

"मी केव्हाच सोडलाय, भावजी," शालन म्हणाली. "त्याला सांगा."