प्रतिपात्र

आर्द्रकक्षातून बाहेर आलेली माणसं सगळ्यात आधी पाणी मागतात. रडून घसा बसलेला असतो, हाताला माती नाहीतर रंग लागलेला असतो, आणि चेहरा ताप उतरल्यासारखा दिसत असतो. म्हणून सिद्धेश धुरी रोज सकाळी दाराशी एक मडकं भरून ठेवायचा. ते काही त्याचं काम नव्हतं. त्याचं काम आत होतं, मेलेल्या माणसांच्या जागी उभं राहायचं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुणी भगत की काय. सिद्धेश मूळचा दशावतारी नट. कुडाळकडच्या एका कंपनीत तो स्त्रीपार्टी करायचा, म्हणजे राण्या, राजमाता, रानात टाकलेल्या गरोदर बायका. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. संध्याकाळी कथा ठरते, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरतं, आणि बाकीचं बोलणं रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी रचायचं. सुचलं नाही आणि नट गप्प राहिला, तर प्रेक्षक त्याला वर्षभर सोडत नाहीत. सिद्धेश कधी गप्प राहिला नव्हता. कंपनी बंद पडली, तेव्हा डॉ. मनाली नाबर यांनी त्याला आंबोलीच्या उतारावरच्या आपल्या कलोपचार केंद्रात बोलावून घेतलं.

कलोपचार म्हणजे चित्र, माती, गाणं, नाच, नाटक यांच्या आधारानं मनाचं दुखणं हलकं करायची रीत. ती जुनीच. माणसं रंगवत बसली, गात बसली की त्यांना बरं वाटतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. का वाटतं, हे नाबर बाईंनी सिद्धेशला पहिल्याच दिवशी समजावलं.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, धुरी. ती काढली की ओली होते. थोडा वेळ तशीच राहते आणि पुन्हा वाळते. वाळताना आजूबाजूला जे असेल ते घेऊन वाळते."

"पापडासारखी?"

"अगदी पापडासारखी. वर धूळ बसली तर ती पापडातच जाणार. माणूस एकटा कुढत बसला, तर आठवण त्या कुढण्यासकट वाळते आणि दर वेळी आणखी जड होते. पण तेच दुःख आठवताना हात काहीतरी घडवत असले, शेजारी कुणी बसलेलं असलं, तर तीच आठवण सोबतीसकट वाळते. घडलेलं बदलत नाही. भार कमी होतो."

"मग तुमच्या खोलीचं काय काम?"

"ओल फार वेळ टिकत नाही. खोलीच्या भिंतींतून अगदी मंद चुंबकीय लहरी सोडल्या, की ती आम्हाला हवी तेवढी टिकवता येते. वर्षाचं काम काही बैठकांत होतं."

हाच तो आर्द्रकक्ष. तिथे एसटीचा एक निवृत्त ड्रायव्हर महिनाभर घाटातलं एकच वळण रंगवत होता, आणि एके दिवशी त्यानं त्या वळणावर आपणहून एक झाड काढलं. त्यानंतर तो रात्री झोपू लागला. ज्यांचं दुखणं एखाद्या गेलेल्या माणसाशी अडकलेलं असे, त्यांच्यासाठी नाटक असे. त्या माणसाची जागा घेणाऱ्या नटाला केंद्रात प्रतिपात्र म्हणत. सिद्धेश आजवर बऱ्याच जणांची आई झाला होता, दोघांची आजी, आणि एका पैलवानाची रुसून गेलेली बायको.

नियम दोन. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वाक्यांपलीकडे बोलायचं नाही. आणि डोक्यावर जाळी घालायची. जाळी म्हणजे धातूच्या तारेची पातळ टोपी, केसांच्या टोपाखाली दिसतही नसे. ती असली की नटाच्या स्वतःच्या आठवणी कोरड्या राहतात. नसली, तर खोली त्याला काही वेगळा मानत नाही, त्याच्याही आठवणी ओल्या होतात.

सिद्धेशचं घोडं इथेच अडलं. जाळी घातली की त्याचं बोलणं सरकारी बातम्यांसारखं व्हायचं. दशावतारी नट बोलतो ते कुठून बोलतो? स्वतःच्या घरातून, स्वतःच्या आयाबहिणींच्या तोंडून. जाळी ते दारच लावून घेई. शेवटी एक दिवस त्यानं जाळी गुंडाळून रंगाच्या पेटीत टाकली आणि वरून नुसता टोप चढवला. त्या दिवशी काम असं रंगलं की नाबर बाईंनी पाठ थोपटली. मग कशाला कुणाला सांगतोय?

केतकी मगदूम आली ती पावसाळा सरल्यावर. कोल्हापूरच्या एका शाळेत शिकवायची. लग्नावरून आईशी बिनसलं, अबोला धरला, आणि अबोला सुटायच्या आत आई गेली. तेव्हापासून वर्गात उभं राहिलं की हिचा आवाजच फुटेना. नाबर बाईंनी सिद्धेशला मोजकी वाक्यं दिली. मी पण हट्टीच होते. तुझ्यावर राग नव्हता. तू सुखात राहा.

ती त्यानं म्हटली. केतकी रडली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "राग नव्हता, तर एकदाही का बोलावलं नाहीस गं?"

याचं उत्तर दिलेल्या वाक्यांत नव्हतं. आणि दशावतारी नटाला गप्प उभं राहता येत नाही. सिद्धेशच्या तोंडून आपोआप निघालं, "बोलावलं नाही, पण रोज पहाटे पायरीवर बसायची मी. कुणी विचारलं तर म्हणायची, दूधवाल्याची वाट बघतेय. घरात आपली गाय दावणीला, आणि मी म्हणायची दूधवाल्याची वाट बघतेय."

ही त्याची स्वतःची आई. रात्रभराचा खेळ संपवून तो कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं गावी यायचा. कधी येणार ते ठरलेलं नसे. पण ज्या पहाटे येई, त्या पहाटे ती पायरीवर असे. "दूधवाल्याची वाट बघतंय," एवढंच म्हणायची आणि पेज वाढायला आत जायची. तोही कधी काही बोलला नाही. आपली या जगात कुणीतरी वाट पाहतं, हे त्याला त्या पायरीनं कळलं होतं. ती गेल्यावर घरही विकलं गेलं. भाऊबहीण नव्हतं, वडील लहानपणीच वारलेले. तेव्हा ही गोष्ट ठाऊक असलेला तो एकटाच उरला होता.

केतकी बरी होऊन गेली. वर्गात पुन्हा बोलू लागली. सिद्धेशला काय झालं ते कळायला मात्र वेळ लागला. दिवाळीच्या सुट्टीत एका पहाटे त्याला जाग आली, आई आठवली, आणि तो घाबरून उठून बसला. पायरीवर आई नव्हतीच. तिथे तोच होता, लुगडं नेसून, तोंडाला रंग लावून, पदर त्याच्या सवयीप्रमाणे डाव्या हातात धरलेला. तो पुन्हा पुन्हा आठवू लागला. दर वेळी तोच. संवाद पाठ होते, कुठे थांबायचं तेही पाठ होतं. आई तेवढी कुठे नव्हती.

असं का झालं हे त्याला सांगायला डॉक्टर नको होती. पापड ओला असताना त्यानंच त्याच्यावर आपलं तोंड छापलं होतं. तो दोन दिवस जेवला नाही.

आणि मग केतकी परत आली. डोळे खोल गेलेले.

"पहाट झाली की जाग येते, धुरीदादा," ती मातीकामाच्या पडवीत बसून सांगत होती. हात मातीच्या गोळ्यात होते. "वाटतं, आई पायरीवर बसलीय आणि मी अजून पोचले नाही. मग मी जिना उतरून फाटकापर्यंत जाते. नवरा समजूत घालून वर आणतो. गंमत सांगू? आमची आई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायची. पायरी कुठली आणि गाय कुठली? डोक्याला सगळं कळतं. पण मला ती दिसते. शेणानं सारवलेल्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. आणि मला बघितलं की घाईनं उठते, गुडघ्यावर हात टेकून, जणू दुसऱ्याच कामासाठी बसली होती."

सिद्धेश जवळ सरकून बसला. गुडघ्यावर हात टेकून. ते त्यानं खोलीत बोलून दाखवलं नव्हतं, करून दाखवलं असणार. आई तशीच उठायची. आणि हे त्याला केतकीच्या तोंडून कळत होतं.

"अजून सांगा ना," तो म्हणाला. "कशी दिसते ती?"

ती सांगत गेली आणि तो ऐकत गेला, लहान मुलानं गोष्ट ऐकावी तसा. त्याला आई दिसली नाहीच. पण जिला ती दिसत होती अशी एक बाई त्याच्यासमोर बसली होती, आणि त्याला तेवढ्यानंही भरून आलं.

दुपारी त्यानं नाबर बाईंना सगळं सांगून टाकलं, जाळीसकट.

"मला राग आलाय, धुरी. पण तो नंतर बघू. तिला आधी बरं करायला हवं. ती आठवण पुन्हा ओली करायची आणि त्यातलं वाट पाहणं काढून टाकायचं. आवाज तोच लागेल, म्हणजे तुमचाच."

"ते काढलं की आई गेली."

"कुणाची?"

"माझी. माझ्याकडे ती उरलेली नाही, डॉक्टर. त्या बाईकडे आहे."

"तिच्याकडे आहे ती तिनं तुमच्या शब्दांवरून उभी केलेली आई. तुमची नव्हे."

"असेल. पण माझ्याकडे तेवढीही नाही."

"ती सांगते ते रेकॉर्ड करून ठेवा की."

"पहिल्या बैठकीचं रेकॉर्डिंग आहेच. दहादा ऐकलं. मला माझाच आवाज ऐकू येतो. शब्दांना काय करू?" तो थांबला. "ती तशीच राहिली तर?"

"तर रोज पहाटे खाली उतरेल. एक दिवस नवऱ्याला जाग येणार नाही, आणि ती फाटकाबाहेर रस्त्यावर जाईल." नाबर बाईंचा आवाज मऊ झाला. "मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. करताच येत नाही, जबरदस्तीनं बोललेलं वाक्य वाळतच नाही."

रात्रभर तो तळमळला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात वाईटही आलं. सांगावं, की जमणार नाही. केतकी येत राहील, सांगत राहील, आपण ऐकत राहू. स्वतःचीच लाज वाटून तो उठून बसला.

दुसऱ्या दिवशी बैठक ठरली. या खेपेला नाबर बाईंनी जाळी स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर घातली, मग टोप चढवला. वाक्यंही त्यांनीच दिली होती. लहरी सुरू झाल्या. केतकी समोर बसली, डोळे मिटले, पायरीपर्यंत पोचली.

"मी तुझी वाट पाहत नव्हते," सिद्धेश म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

केतकीनं डोळे उघडले. "आई अशी बोलत नाही."

त्यानं पुन्हा म्हटलं. शब्द कोरडे ठणठणीत. केतकी हुंदके देऊ लागली, "ती अजून तिथेच आहे, थंडी वाजतेय तिला," आणि उठून दाराकडे जाऊ लागली. खोलीच्या काचेपलीकडून बघणाऱ्या नाबर बाई लहरी बंद करायच्या बटणाकडे हात नेत होत्या. बैठक अशी अर्धवट तुटली असती, तर ही थंडी आणि हे पोरकेपण आठवणीत कायमचं वाळलं असतं.

सिद्धेशनं टोप उचलला, जाळी ओढून काढली, टोप पुन्हा बसवला. काचेपलीकडून नाबर बाई काहीतरी ओरडल्या, आत ऐकू आलं नाही.

"अगं ए वेडे," तो म्हणाला, आणि केतकी जागच्या जागी थांबली. "कुणी सांगितलं तुला, मी तुझी वाट बघते म्हणून? म्हाताऱ्या माणसाला पहाटे झोप लागते का? उठायचं आणि बसायचं. गार वारा बरा वाटतो. दूधवाला यायचा, त्याच्या सुनेच्या कागाळ्या ऐकायच्या."

"दूधवाला खरंच यायचा?"

"मग! गाय आटली होती की आपली. रोज यायचा. मी काय खोटं बोलते?"

"आणि मी आले नाही, तर?"

सिद्धेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी आवाज हसरा होता. इतकं चांगलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. "तर काय? चहा व्हायचा, ऊन वर यायचं, मी आपल्या कामाला लागायची. माझ्या मनात यायचंसुद्धा नाही. जा बाई. तुझी शाळा असेल."

केतकी खाली बसली आणि हसली. मग पुष्कळ वेळ शांत रडली.

बाहेर आल्यावर तिनं पाणी मागितलं. सिद्धेश रंग पुसून आला, तेव्हा ती पडवीत नाबर बाईंशी बोलत उभी होती, आवाज मोकळा.

"धुरीदादा, तुमचे उपकार कसे फेडू? दोनदा माझी आई झालात." मग सहज म्हणून तिनं विचारलं, "तुम्ही तर रात्र रात्र नाटकाला असायचात. तुमची आई वाट बघत बसायची असेल, नाही?"

नाबर बाईंनी दचकून त्याच्याकडे पाहिलं.

सिद्धेशनं थोडा विचार केला. "नाही हो," तो म्हणाला. "तिच्या मनातसुद्धा यायचं नाही. आपल्या कामात असायची ती."

त्याच्या बोलण्यात दुःख नव्हतं, कडवटपणाही नव्हता. गावाचं नाव सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. नाबर बाईंनी बोलायला तोंड उघडलं. कालच त्यांच्यासमोर बसून यानं त्याच वाट पाहणाऱ्या आईसाठी किती कळवळून मागणं केलं होतं. पण आता त्या काय सांगणार होत्या? सांगितलं असतं, तर त्यानं मान डोलावून ते ऐकून घेतलं असतं, कुणीतरी नेमून दिलेलं वाक्य ऐकावं तसं.

"बरं, चहा घेऊन जा," सिद्धेश केतकीला म्हणाला, आणि आधण ठेवायला आत गेला.